घरच्या डेस्कटॉपची रॅम वाढवायचीये, ८ वर अजून ८ टाकू का? आणि कुठली?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी, घरच्या पीसीबद्दल विचारायचंय. २०१९ मध्ये जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे, इंटेल आय३ ८१०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० होतं, त्याचं ११ केलंय. मागच्या वर्षी एकाकडून २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली, विंडोज तिच्यावर टाकलं आणि जुनी १ टीबीची हार्ड डिस्क डेटासाठी आत तशीच ठेवली. त्यानंतर पीसी भराभर सुरू व्हायला लागला, म्हटलं आता काही वर्षं बघायला नको.

पण माझं काम प्रूफरीडिंगचं. एकीकडे स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकाची चारशे-पाचशे पानांची पीडीएफ, शेजारी वर्डची फाइल, आणि ब्राउझरमध्ये शब्दकोश, मेल, संदर्भाची पानं असे पंचवीस-तीस टॅब कायम उघडे. सकाळी बसते तेव्हा सगळं छान चालतं. तास-दीड तास झाला की मी टाइप करते आणि अक्षरं उमटतच नाहीत, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग अख्खी ओळ एकदम धाडकन येते, तोवर मी चूक झाली समजून बॅकस्पेस दाबलेलं असतं आणि तेही सगळं मागून लागू होतं, त्यात दोन बरोबर शब्द खाल्ले जातात. पीडीएफवरून वर्डवर आलं की विंडो पांढरी पडते. त्या वेळी कॅबिनेटमधून कर्रकर्र आवाज येत असतो. परवा एका प्रकरणाच्या दुरुस्त्या दोनदा कराव्या लागल्या, फार त्रास झाला.

ज्याला विचारते तो म्हणतो रॅम वाढव. तर प्रश्न असे की जुनी ८ ठेवून अजून एक ८ ची टाकू की जुनी काढून १६ ची एकच घेऊ, कंपनी तीच लागते का, सगळीकडे ३२०० वाली दिसतीये ती चालेल का, आणि हे मी स्वतः करू शकते का? कॅबिनेट मी आजपर्यंत कधी उघडलेलं नाही.

पानापेचकस

ताई, आधी काही विकत घेऊ नका, दोन मिनिटं टास्क मॅनेजर बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. पण हे सकाळी नका बघू, जेव्हा अडकायला लागतं ना नेमकं तेव्हा बघा. मला चार गोष्टी सांगा, इन यूज किती, कमिटेड किती (तिथे दोन आकडे असतात, दोन्ही द्या), स्पीड किती आणि स्लॉट्स यूज्डच्या पुढे काय लिहिलंय. टक्के नुसते बघून घाबरू नका, ६०-७० टक्के भरलेली दिसणं हा काही आजार नाही. कमिटेडचा आकडा, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सनी मिळून मागितलेली मेमरी, खरं सांगतो.

अक्षरवेल

आज दुपारी अडकलं तेव्हा लगेच बघितलं. इन यूज ७.३, कमिटेड १२.४/१५.९, स्पीड २४००, स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २. वर ९२ टक्के दाखवत होता. आणि डावीकडे डिस्क ० च्या पुढे १०० टक्के होतं, डिस्क १ अगदीच कमी.

मंददिवा

थांबा थांबा, मला तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या कर्रकर्र आवाजाचं कुतूहल वाटतंय. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती आवाज करूच शकत नाही. म्हणजे रॅम भरल्यावर जे काही लिहिणं-वाचणं चाललंय ते हार्ड डिस्कवर चाललंय, आणि विंडोज तर एसएसडीवर आहे म्हणताय. मग हार्ड डिस्क कशाला कामाला लागतीये? मला संशय येतोय की तुमची पेजफाइल डी ड्राइव्हवर आहे.

जरा सविस्तर सांगतो कारण सगळा खेळ इथेच आहे. तुमच्या प्रोग्रॅम्सनी मिळून १२.४ जीबी मागितलीये आणि खरी रॅम आहे ८, वरचं सगळं विंडोजला डिस्कवरच्या एका फाइलमध्ये सरकवावं लागतं, तीच पेजफाइल. तुम्ही पीडीएफवरून वर्डवर आलात की वर्डचा तिकडे टाकलेला भाग परत आणायचा, त्याला जागा करायला पीडीएफचा भाग तिकडे न्यायचा, ही ने-आण सतत चालू. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास आणि हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून वाचणारा हात सरकून योग्य जागी यायला दहाएक मिलिसेकंद. म्हणजे रॅमच्या लाखपट उशीर. तो कर्रकर्र म्हणजे तो हात इकडून तिकडे धावतोय त्याचा आवाज, आणि तुमची अक्षरं त्याच्यासाठी थांबलेली असतात.

बघायचं कुठे ते सांगतो. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, त्यात परफॉर्मन्सच्या खालचं सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड टॅब, मग व्हर्च्युअल मेमरीच्या खालचं चेंज. तिथे कुठल्या ड्राइव्हपुढे आकडा आहे ते सांगा.

अक्षरवेल

मंददिवा दादा, अगदी बरोबर निघालं! सी च्या पुढे 'नन' आणि डी च्या पुढे ८१९२. ज्यांनी एसएसडी बसवली त्यांनी तेव्हा म्हटल्याचं आता आठवतंय की एसएसडी जास्त लिहून झिजते म्हणून मी काही गोष्टी डी वर हलवतो. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. आता काय करू?

मंददिवा

सी निवडून 'सिस्टिम मॅनेज्ड साइज' करा आणि सेट दाबा, मग डी निवडून 'नो पेजिंग फाइल' करून पुन्हा सेट दाबा (सेट दाबायचं राहिलं की बदल होत नाही, खूप जणांचं इथेच चुकतं), मग ओके आणि रीस्टार्ट. सी वर निदान वीसेक जीबी मोकळी आहे ना तेवढं बघून घ्या. आणि झिजण्याची काळजी सोडा, घरच्या वापरात पेजफाइलमुळे एसएसडी संपली असं होण्याआधी हा पीसीच जुना होईल. कुणी सांगितलं पेजफाइल पूर्ण बंद करा तर तेही करू नका, रॅम १६ झाली तरी नाही, काही प्रोग्रॅम मग मेमरी संपली म्हणून सरळ बंद पडतात.

अक्षरवेल

केलं. आवाज थांबला! अडकतं अजून, पण आता क्षणभर अडकतं, आधीसारखं सेकंद मोजत बसावं लागत नाही. मग आता रॅमची गरज आहे की नाही?

पानापेचकस

आहे, आणि आता ती घेण्यात अर्थही आहे. कमिटेड १२.४ म्हणजे तुमचं रोजचं काम ८ मध्ये मावत नाही आणि १६ मध्ये आरामात मावतं, आकडाच सांगतोय. ३२ ची या कामाला काही गरज नाही. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे त्यामुळे विंडोज ११ ला अधिकृतपणे चालतो, म्हणजे या पीसीवर खर्च करणं वाया जाणार नाही.

आता कुठली घ्यायची. जुनी ठेवा आणि ८ ची अजून एक घ्या, १६ ची एकच स्टिक (रॅमची पट्टी) घेऊ नका. तुमच्या प्रोसेसरला रॅमशी बोलायला दोन वाटा आहेत, दोन्ही स्लॉटमध्ये सारख्या मापाच्या स्टिक असल्या की दोन्ही वाटा वापरल्या जातात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. २४०० च्या एका स्टिकला सेकंदाला १९.२ जीबी जाऊ शकतात (२४०० गुणिले ८ बाइट), दोन असल्या की ३८.४. वर्डला याने फार फरक पडत नाही हे खरंय, पण तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीनवर जे दिसतं ते काढायलासुद्धा हीच रॅम वापरली जाते, त्यामुळे पीडीएफ सरकवताना, व्हिडिओ बघताना थोडा फायदा होईल. हां, उद्या कधी ३२ लागेल असं पक्कं माहीत असतं तर १६ ची घ्या म्हटलं असतं, दोनच स्लॉट आहेत म्हणून. ८ आणि १६ अशी जोडीसुद्धा चालते, इंटेलमध्ये मग दोन्हीतला सारखा भाग ड्युअल आणि उरलेला सिंगल चालतो.

३२०० चालेल, पण ३२०० ने पळणार नाही. आय३ ८१०० चा मेमरी कंट्रोलर २४०० पर्यंतच आहे आणि एच३१० वर वेग वाढवता येत नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवायची सोय, शोधत बसू नका. रॅमच्या बाबतीत सगळ्यात हळू जो असेल त्याच्या वेगाने सगळे चालतात. त्यामुळे २४००, २६६६, ३२०० यातली जी सहज मिळेल ती डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी, तुमच्या बोर्डला तीच लागते) घ्या, मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे घालू नका.

घेण्याआधी जुन्या स्टिकवरचं लेबल वाचा, किंवा सीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम टाकून त्याच्या एसपीडी टॅबमध्ये बघा. लेबलवर साधारण '८ जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२' असं काहीतरी छापलेलं असतं. यातलं पीसी४ म्हणजे डीडीआर४. शेवटचा 'यू' महत्त्वाचा, यू म्हणजे आपली साधी डेस्कटॉपची, तिथे 'एस' असेल तर लॅपटॉपची, आखूड असते, स्लॉटमध्ये बसणारच नाही, आणि 'आर' असेल तर सर्व्हरची. ती आरवाली दिसायला हुबेहूब सारखी असते आणि सर्व्हरमधून काढलेली पुष्कळ फिरत असते, पण घरच्या बोर्डवर चालत नाही, पीसी सुरूच होत नाही. १आरएक्स८ मधला ८ बघा, तिथे १६ असेल तर त्या स्टिकवर आठच्या जागी चारच चिप असतात आणि ती थोडी हळू चालते, बरोबरीच्या पैशात मिळत असेल तर एक्स८ च घ्या.

जुनंतेसोनं

मध्येच विचारतो, माफ करा. माझा पीसी याहून जुना, डीडीआर३ चा, ४ जीबी आहे, अजून ४ टाकली पण विंडोज ३.४ च वापरता येते म्हणतंय. डीडीआर४ टाकली तर सुटेल का हा प्रश्न?

पानापेचकस

नाही बसणार ती. डीडीआर३ ला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८, मधली खाचही वेगळ्या जागी, मुद्दाम तशी ठेवलेली असते कारण व्होल्टेज वेगळं आहे, डीडीआर३ ला १.५ आणि डीडीआर४ ला १.२. डीडीआर५ ला पुन्हा २८८ च पिना आहेत पण खाच सरकवलेली, त्यामुळे त्या दोन्हीही एकमेकींच्या जागी बसत नाहीत. कुणी जोर लावून बसवायला गेलं तर बोर्डच जाईल.

आणि तुमचा घोटाळा रॅमचा नाहीच बहुतेक. तुमचं विंडोज ३२ बिटचं असणार, ते ४ जीबीच्या पुढे बघूच शकत नाही आणि त्यातलाही थोडा भाग हार्डवेअरला जातो म्हणून ३.४. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट इथे सिस्टिम टाइप बघा. ३२ बिट असेल तर डेटा बाहेर काढून ६४ बिटचं नव्याने टाकावं लागेल, वरच्या वर अपग्रेड होत नाही. नाहीतर वेगळा धागा काढा, सविस्तर बघू.

रात्रीचाराखणदार

अक्षरवेल ताई, कंपनी तीच लागते का या तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. तीच लागते असं नाही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने चालतात, पण चालतीलच याची हमी कुणी देत नाही. म्हणून एक कळकळीची विनंती, टाकल्यावर चाचणी केल्याशिवाय कामाला लागू नका.

माझा अनुभव सांगतो. मी नवी स्टिक टाकली, पीसी सुरू झाला, १६ दिसली, मी खूश. तीन आठवडे काही कळलं नाही. अधूनमधून ब्राउझर बंद पडायचा, मला वाटायचं अपडेटमुळे असेल. त्याच काळात मी घरातले सगळे जुने फोटो एका डिस्कवरून दुसरीवर हलवत होतो. मग एक दिवस आईचा एक फोटो उघडला तर वरचा अर्धा नीट आणि खालच्या अर्ध्यावर करडा पट्टा. दुसरा उघडला तोही तसाच. झिप केलेल्या फाइल उघडेनात. रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला तर चार-पाच मिनिटांतच लाल ओळी यायला लागल्या. एकेक स्टिक वेगळी लावून बघितली, नवीच खराब होती. वॉरंटीत बदलून मिळाली, पण फोटो काही परत आले नाहीत, कारण फाइल कॉपी होताना रॅममधूनच जाते आणि तिथेच बिघडली की डिस्कवर बिघडलेलीच लिहिली जाते, कुठेही एरर येत नाही. आणि हलवताना मी मूळ प्रती पुसत गेलो होतो.

तुमचं तर काम पुस्तकांचं. मेमटेस्ट८६+ फुकट आहे, पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी सुरू करायचा आणि रात्रभर चालू द्यायचा, निदान दोन-तीन फेऱ्या. एकही एरर चालत नाही, एक म्हणजेसुद्धा खराब. आणि त्याआधी चालू कामाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा.

रिकामास्लॉट

बसवायचं मी सांगते, अगदी जमेल तुम्हाला, मी पहिल्यांदा केलं तेव्हा मलाही कॅबिनेटचा स्क्रू कुठला तेही माहीत नव्हतं.

शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे पूर्ण बंद होतो, एरवी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. भिंतीवरचं बटण बंद करून मागची वायर काढा आणि मग पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं करा, जमिनीवर बसून वाकून करू नका, हाताला जोर येत नाही. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा मागे सरकतो. उघडल्याबरोबर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रॅमला हात लावायच्या आधी कॅबिनेटचा उघडा धातू हाताने धरा, अंगातली स्थिर वीज उतरते, आणि स्टिक कडेला धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

प्रोसेसरच्या पंख्याशेजारी दोन लांब स्लॉट दिसतील, एकात जुनी स्टिक उभी असेल. रिकाम्या स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ढकला. स्टिकच्या खालच्या कडेला एक खाच असते, ती बरोबर मध्यावर नसते, स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून बघा, उलटी असेल तर बसणारच नाही. जुळली की दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. इथे सगळे घाबरतात, कारण लागतो त्यापेक्षा कमी जोर देतात. बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटेल, तेवढं चालतं, खट् आवाज येऊन क्लिप आपोआप वर आली पाहिजे.

पहिल्यांदा सुरू करताना मिनिटभर काळा स्क्रीन राहू शकतो, एकदा आपोआप बंद होऊन परत सुरू होऊ शकतो, बोर्ड नवीन रॅमची ओळख करून घेत असतो. तेवढा वेळ बटण दाबू नका.

अक्षरवेल

मंडळी, मदत हवीये. स्टिक आणली (८ जीबी, ३२००, लेबलवर पीसी४ आणि यू दोन्ही बघून घेतलं, १आरएक्स८ आहे). ताईंनी सांगितलं तसंच सगळं केलं, खट् आवाज आला. सुरू केलं तर पंखे फिरतात, स्क्रीन काळा, पंधरा-वीस सेकंदांनी बंद होतो, परत सुरू होतो, परत तेच. पाच मिनिटं थांबले. आता वायर काढून ठेवलीये. परवा काम द्यायचंय, मोबाइलवरून लिहितेय.

पानापेचकस

घाबरू नका, असं होतं आणि बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं. नवी काढा, जुनी एकटी तिच्याच जागी ठेवून सुरू करून बघा. सुरू झाला तर बंद करून जुनी काढा आणि नवी एकटी जुन्या स्टिकच्या जागी लावून बघा. दर वेळी वायर काढायची हे विसरू नका.

अक्षरवेल

जुनी एकटी, सुरू झाला. नवी एकटी जुन्या जागी, तरी सुरू झाला! म्हणजे दुसरा स्लॉट खराब आहे का?

रिकामास्लॉट

मला नाही वाटत. एक सांगा, तुमच्या स्लॉटला क्लिप दोन्ही टोकांना आहे की एकाच? काही बोर्डवर एकाच टोकाला असते, दुसरं टोक नुसतं बंद असतं. तसं असेल तर खट् आवाज क्लिपच्या टोकाचा येतो आणि पलीकडचं टोक वर राहिलेलं कळतच नाही. मी आधीच सांगायला हवं होतं हे. टॉर्च घेऊन बाजूने बघा, दोन्ही स्टिकची वरची कड एका रेषेत आहे का.

मंददिवा

आणि तो स्लॉट २०१९ पासून उघडा पडलाय हेही लक्षात घ्या. इतक्या वर्षांची धूळ आत बसली असणार. कोरडा मऊ ब्रश घेऊन लांबीच्या दिशेने हलक्या हाताने झाडा, तोंडाने फुंकू नका, ओलावा जातो.

अक्षरवेल

झालं!! दोघांचंही बरोबर होतं. माझ्या बोर्डला क्लिप एकाच टोकाला आहे. स्टिक परत दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून टॉर्चने बघितलं तर क्लिपच्या बाजूला सोनेरी काही दिसत नव्हतं आणि पलीकडच्या टोकाला सोनेरी रंगाची केसाएवढी बारीक रेघ वर दिसत होती, जुन्या स्टिकला तशी रेघ कुठेच नाही. काढली, मुलीच्या नव्या रंगाच्या ब्रशने स्लॉट झाडला, करड्या लोकरीसारखा गोळा निघाला आतून. मग आधी बिनक्लिपचं टोक पूर्ण दाबलं आणि नंतर क्लिपचं. या वेळी रेघ गेली, दोन्ही स्टिक एका उंचीला आल्या. सुरू केलं, एकदा बंद होऊन परत सुरू झाला आणि मग विंडोज आलं. १६ जीबी, वापरता येण्याजोगी १५.८, स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २.

फक्त एक शंका, टास्क मॅनेजर स्पीड २४०० म्हणतो ते पानापेचकस दादांनी सांगितलंच होतं, पण सीपीयू-झेडमध्ये डीरॅम फ्रिक्वेन्सी ११९७ दाखवतंय. निम्मीच कशी?

पानापेचकस

शाब्बास! ११९७ बरोबर आहे. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, एकदा ठोका चढताना आणि एकदा उतरताना. खरं घड्याळ १२०० च्या आसपास चालतं, त्याची दुप्पट २४००. सीपीयू-झेड घड्याळ दाखवतं आणि टास्क मॅनेजर दुप्पट केलेला आकडा. तिथेच वर चॅनल नंबर लिहिलेला असतो, त्याच्यापुढे ड्युअल आहे ना बघा.

१६ पैकी १५.८ दिसतेय तेही ठीक, उरलेली ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते. तिथे ७.९ दिसली असती तर काळजी होती, तेव्हा स्टिक नीट न बसणं किंवा एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये मॅक्सिमम मेमरीला टिक राहणं अशी कारणं असतात.

रात्रीचाराखणदार

मेमटेस्ट, ताई. काम घाईचं असलं तरी आज रात्री लावाच.

अक्षरवेल

ड्युअलच आहे. काल रात्री अकराला मेमटेस्ट लावून झोपले, सकाळी सातला चौथी फेरी चालू होती, एरर शून्य. चालू पुस्तकाच्या सगळ्या फाइल आधीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या, तुमच्या आईच्या फोटोंचं वाचल्यावर मी तर मूळ स्कॅनसुद्धा वेगळ्या डिस्कवर ठेवलेत.

आज सकाळपासून बसलेय. तीच पाचशे पानांची पीडीएफ, वर्ड, ब्राउझरचे सगळे टॅब. चार तास झाले, इन यूज १०.१, कमिटेड १२.९, डिस्क दोन्ही ० ते २ टक्के. दाबलं की अक्षर उमटतंय. राहिलेलं प्रकरण दुपारी संपवून पाठवलं.